काठी कुठल्या हातात?

“दुखतो उजवा गुडघा, मग काठी उजव्याच हातात ना?” आज रत्नागिरीच्या आमच्या क्लिनिकमध्ये एका आजींनी विचारलं. दोन वर्षं तशीच धरतायत. कोणी सांगितलंच नव्हतं.

काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात हवी. दुखरा पाय आणि काठी एकदम पुढे टाकायची, म्हणजे भार वाटला जातो. त्याच बाजूला धरली की अंग दुखऱ्या पायावरच कलतं. काठीची उंची ठरवायला चपला घालून ताठ उभं राहायचं, हात सैल सोडायचा. काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यायला हवी. काठी लांब असली की खांदा वर चढतो, आखूड असली की पाठ वाकते.

आणि आपल्याकडच्या जांभ्याच्या पायऱ्या! चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी काठी आणि दुखरा पाय.

वर्ष संपतंय म्हणून क्लिनिकमधल्या आमच्या मुलींनी आज प्रत्येकाची काठी उलटी करून खालचं रबर पाहिलं. कितीतरी गुळगुळीत झालेली. पावसाळाभर ती शेवाळावर तशीच टेकली गेली, या विचाराने पोटात गोळा आला. खाचा झिजल्या की रबर बदलायचंच.

तुमच्या घरातल्या काठीचं रबर शेवटचं कधी पाहिलंत?