नऊ दिवस हात लावला नाही, तेव्हा ठरलं

'पर्सोना ५ रॉयल' या व्हिडिओ गेमने माझे शंभराहून जास्त तास घेतले. एप्रिलपासून एकेक तारीख पुढे ढकलत त्यातल्या शाळकरी पोरांबरोबर अख्खं वर्ष काढलेलं, आणि एका रात्री ते संपलं. दोन दिवस काही सुचेना. मग पुढचा जेआरपीजी (गोष्टीतलं पात्र होऊन खेळायचा जपानी धाटणीचा गेम) कोणता याचा शोध सुरू झाला आणि तो खेळण्यापेक्षा जास्त वेळ खाऊ लागला.

आधी नावाजलेला म्हणून 'झेनोब्लेड क्रॉनिकल्स' घेतला. लढता लढता निश्चल झालेल्या दोन अवाढव्य देहांवर लोक राहतात, ही कल्पनाच भन्नाट. त्यातल्या एकाच्या पायावर पसरलेलं गवताळ रान पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी कंट्रोलर मांडीवर ठेवून नुसता बघत बसलो. पण मध्ये तीन आठवडे खेळणं जमलं नाही. परत आलो तर पिशवीत ढीगभर रत्नं आणि लोकांनी सांगितलेल्या फुटकळ कामांची लांबलचक यादी. ही कामं मी कधी अंगावर घेतली, काही आठवेना. बंद केला.

अर्धवट सोडलेला हा पाचवा गेम. म्हणून एके दिवशी वही घेऊन प्रत्येकापुढे तो का सुटला ते लिहिलं. मला वाटलेलं, लांबी नडते. पण सगळ्यात लांब 'पर्सोना', आणि तोच पूर्ण झालेला! प्रत्येक ठिकाणी घात केला होता तो मध्ये पडलेल्या खंडाने. सेव्ह (खेळ थांबवला तिथली साठवण) उघडावी तर आपण कुठल्याशा गुहेत उभे, कुठून आलो माहीत नाही, कुठे जायचं माहीत नाही. 'पर्सोना'त निदान आजची तारीख आणि मुदतीला उरलेले दिवस डोळ्यांसमोर असतात.

मधल्या काळात फोनवर 'क्रोनो ट्रिगर' खेळलो. १९९५ चा गेम, पण शत्रू समोर फिरताना दिसतात आणि लढाई जागच्या जागी सुरू होते, त्यामुळे अजिबात जुनाट वाटत नाही. पंचवीसेक तासांत संपलाही. म्हणजे प्रश्न पुन्हा तिथेच.

'ट्रेल्स इन द स्काय'वर मन बसलं होतं. गोष्ट जरा पुढे सरकली की गावातल्या साध्यासुध्या माणसांचेही संवाद बदलतात. माझ्यासारख्याला हा सापळाच. मी प्रत्येक दार ठोठावत बसणार. शिवाय २००४ च्या त्या पहिल्या भागाचा शेवट अधांतरी, लगेच दुसरा हवा. लांब सुट्टी मिळेल तेव्हा बघू.

राहिला 'ड्रॅगन क्वेस्ट ११ एस'. त्याला मी कायम नाक मुरडलेलं: मुका नायक, दुष्ट शक्तीपासून जग वाचवायचं, १९८६ पासून चालत आलेला तोच साचा. पण त्याचा डेमो, म्हणजे आधी चाखून बघायचा सुरुवातीचा भाग, तब्बल दहाएक तासांचा आहे आणि त्यातली सेव्ह पूर्ण गेममध्ये चालते. म्हणून मुद्दाम परीक्षा घेतली. तीन संध्याकाळी खेळलो आणि नंतर नऊ दिवस हात लावला नाही.

दहाव्या दिवशी सेव्ह उघडली. लोड होता होता पडद्यावर आतापर्यंतची गोष्ट चार ओळींत आली. सोबत्यांशी बोलायचं बटण दाबलं, तर त्यातल्या एरिकच्या बोलण्यातून पुढची दिशाही कळली. त्याच रात्री पूर्ण गेम घेतला.

एक खंत आहे. लढाया फार सोप्या जातात. शत्रू तगडे करायची सोय आहे, पण ती गेम सुरू करतानाच निवडावी लागते, हे मला पंधरा तासांनंतर कळलं. पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा का, यावर एक संध्याकाळ घालवली. मग जुनीच सेव्ह उघडली, त्या चार ओळी वाचल्या आणि घोड्यावर बसलो.