कोल्हापुरात एक रात्र तरी राहा, मग बोलू

शाहूपुरीत स्टँडजवळच्या एका लॉजवर मी रात्रपाळीला काउंटर सांभाळतो. रजिस्टरमध्ये नाव लिहिता लिहिता पाव्हणे दोन गोष्टी हमखास विचारतात: अंबाबाईच्या देवळात गर्दी कधी कमी असते आणि चांगलं मटण कुठं मिळतं. हल्ली पुण्या-मुंबईची पोरं तिसरं पण विचारतात, जरा दबक्या आवाजात, "दादा, इथं नाईटलाइफ काय आहे?" तोंडी सांगून सांगून घसा बसलाय, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

कोल्हापूर दुपारच्या उन्हात बघायचं गाव नव्हे. बहुतेक जण सकाळी पुण्यातून निघतात, बाराला देवळाच्या रांगेत उभे राहतात, दोनला थाळी हाणतात, चप्पल लाईनीत घासाघीस करतात आणि चारला गाडी हायवेला लावतात. वर घरी जाऊन सांगतात, "ठीक आहे, तिखट खातात लोक." अहो, तुम्ही गाव झोपलेलं असताना येऊन गेलात. आमचं गाव संध्याकाळी सहाला जागं होतं, रात्री उशिरा लवंडतं आणि पहाटे तालमीत परत उठतं. तेवढ्यासाठी एक मुक्काम पाहिजेच.

राहायचं कुठं, हे तुम्ही कशासाठी आलाय त्यावर. पहाटेच्या काकडआरतीला जायचं असेल, सोबत आई-आजी असतील, तर महाद्वार रोड, ताराबाई रोडच्या आसपासचे यात्री निवास बघा. पायी पाच मिनिटांत देऊळ. मात्र स्वतःची गाडी असली तर तिकडं आधी फोन करून 'पार्किंग आहे का' एवढंच विचारू नका, 'गाडी नक्की कुठं लावायची' ते विचारा. मागं एकांना बुकिंगच्या वेळी पार्किंग आहे म्हणून सांगितलं होतं, ते निघालं दोन चौक पलीकडचं पे अँड पार्क. रात्री सामान डोक्यावर घेऊन चालत गेले बिचारे, दुसऱ्या दिवशी आमच्याकडं आले.

आमची बाजू म्हणजे स्टँड आणि रेल्वे स्टेशन. हॉर्नचा आवाज आहे, खोटं कशाला बोलू. पण महालक्ष्मी एक्स्प्रेसनं सकाळी उतरणाऱ्याला हीच बाजू बरी. खोली घेताना एक प्रश्न जरूर विचारा: चोवीस तासांचा हिशोब आहे का बारा ते बारा? सकाळी आठला आलेल्या माणसाला यानं एका दिवसाच्या भाड्याचा फरक पडतो. शांत झोप आणि मोठं हॉटेल पाहिजे असेल तर ताराबाई पार्क, नाहीतर कावळा नाक्याकडं सयाजी वगैरे.

शालिनी पॅलेसची चौकशी अजून होते. रंकाळा तलावाच्या काठावरचा तो राजवाडा 1931 ते 1934 मध्ये बांधला, राजकन्या शालिनीराजेंच्या नावानं. 1987 पासून तिथं हॉटेल होतं. ते बंद पडलं, पण मोबाईलवर जुने फोटो फिरतायत, त्यामुळं हनिमूनवाले फोन करतात आणि मला वाईट वाटतं. संस्थानाची राजधानी म्हणवणाऱ्या गावात राजवाड्यात राहायची सोय नाही, हे मला काही पटत नाही.

नवीन पाव्हणे म्हणजे कोर्टवाले. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच इथं सुरू झालं, सीपीआर या सरकारी दवाखान्यासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत. सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि आपला जिल्हा, सहा जिल्ह्यांचे वकील नि पक्षकार आता मुंबईऐवजी इकडं येतात. आधी आमचा धंदा शनिवार-रविवार आणि नवरात्राचा होता. आता रविवारी रात्रीच फायली घेतलेली माणसं दारात असतात. त्यांना रंकाळा नको असतो, झेरॉक्स कुठं उघडी आहे ते हवं असतं.

बरं, मटण.

तांबडा रस्सा म्हणजे नुसता जाळ, हा समज आधी काढून टाका. हळद, मीठ, आलं-लसूण लावून मटण शिजवलं की जे पाणी निघतं ते अळणी. दोन्ही रस्से त्यातूनच होतात. त्यात नारळाचं दूध, खसखस, तीळ, काजू आणि खडा मसाला गेला की पांढरा. भाजलेलं खोबरं-तीळ आणि कांदा-लसूण चटणी गेली की तांबडा. ही चटणी उन्हाळ्यात वर्षाची करून ठेवतात: रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी किंवा लवंगी, आणि डंकावर कुटायला बायकांची रांग. चटणी घरची असली की तुमच्या कपाळावर घाम येतो, घसा धरत नाही. घसा धरला तर चटणी दुकानातल्या पुड्यातली आहे असं समजा.

पांढरा आधी प्यायचा. गरम असताना, वाटी तोंडाला लावून. चमचा मागितलात तर वाढपी देईल, पण बघेल तुमच्याकडं. मग भाकरी, सुकं, तांबडा. शेवटी भातावर दोन्ही रस्से थोडे थोडे. रस्सा परत मागायला लाजू नका, त्याचे वेगळे पैसे सहसा लावत नाहीत. रस्सा मोजून देणाऱ्याला इथं गिऱ्हाईक टिकत नाही.

ओपल, पद्मा, पारख ही नावं तुम्ही मोबाईलवर वाचूनच आलेला असता. जा की, नाही कोण म्हणतो. पण सवड असेल तर एखादी घरगुती खानावळ गाठा. आमच्या मागच्या गल्लीत एक काकू चार टेबलांवर खानावळ चालवतात. त्यांच्याकडं जाण्याआधी मी फोन करतो, "काकू, तिघं हायत, ठेवता काय?" त्या पलीकडनं विचारतात, "भाकरी का चपाती?" त्यावर हिशोब करून पीठ मळलं जातं. साडेनऊनंतर गेलात तर "संपलं बघा" म्हणून दार पुढं ओढतात. रविवारी आणि बुधवारी तर आधीच संपतं. ज्या गावानं 2019 च्या हिवाळ्यात मटणाचा दर वाढला म्हणून कृती समिती काढली आणि आंदोलन केलं, तिथं रविवारी उशिरा जाऊन मटण मिळेल ही आशाच चुकीची.

स्टँडवर "चला साहेब, फेमस मटण" म्हणून हाताला धरणारे भेटतील. त्यांचं कमिशन तुमच्या ताटातनं जातं, एवढं ध्यानात ठेवा.

शाकाहारी मंडळींनी घाबरायचं कारण नाही. फक्त 'व्हेज कोल्हापुरी' शोधू नका, ती तुमच्या पुण्यातल्या मेनूकार्डावरची भाजी, आमच्या आयांना ठाऊक नाही. अख्खा मसूर आणि रोटी मागा. नाहीतर गाडीवरचा लोणी डोसा खा.

आता ते नाईटलाइफ. पब शोधत असाल तर पुण्यालाच थांबा. परमिट रूम भरपूर आहेत, तिथं काय असतं ते सगळीकडं सारखंच, त्यावर मी काय लिहू. मी पोरांना सांगतो, अंधार पडला की गंगावेशीत जा, दूध प्यायला. आधी हसतात. मग परत येऊन व्हिडिओ दाखवतात.

गंगावेशीत गवळी म्हशी घेऊन रस्त्याच्या कडेला उभे असतात. तुम्ही ग्लास सांगितला की गवळी सडावर पाण्याचा हात फिरवतो, उकिडवा बसतो आणि पितळी भांडं गुडघ्यात धरतो. पहिल्या धारेचा आवाज कोरडा, भांड्याच्या बुडावर टणटण येतो. भरत आलं की तोच आवाज जाड होतो. मग ग्लास. वर निम्मा फेसच असतो. फेस बसायची वाट बघणारा बाहेरगावचा, इथला माणूस फेसासकट ओठाला लावतो. दूध म्हशीच्या अंगाएवढंच कोमट. शेजारी उभा असलेला एखादा पैलवान एकामागोमाग एक ग्लास रिकामा करतो आणि मिशा पुसून स्कूटरला किक मारतो. धारोष्ण दुधाची सवय नसलेल्यांनी एकच ग्लास घ्यावा. पोट नाजूक असेल तर नुसतं बघावं, बघायला पैसे नाहीत.

तिथनं खासबागेत. राजाभाऊंची भेळ खा आणि मैदानावर एक नजर टाका. शाहू महाराज 1902 साली विलायतेला गेले तेव्हा रोममधलं जुनं आखाड्याचं मैदान त्यांनी पाहिलं, आणि 1912 ला कोल्हापुरात कुस्तीसाठी हे बांधून घेतलं. हौद्यातली, म्हणजे मधल्या मातीच्या आखाड्यातली कुस्ती कुठनंही दिसते, मध्ये खांब नाही. पुढं सोळंकीचं आइस्क्रीम कॉकटेल: फळं, सुकामेवा, आइस्क्रीम, आणि दारूचा थेंब नाही. शुक्रवार असेल तर मात्र हे सगळं नंतर करा, कारण रात्री अंबाबाईची पालखी निघते. शिखरांवरचा उजेड आणि दगडी आवारात घुमणारा वाद्यांचा आवाज, दुपारच्या रांगेत उभं राहून हे दिसत नाही.

फुटबॉलचा वर्ल्डकप असेल तर वेगळंच. पेठापेठांत अर्जेंटिना-ब्राझीलचे झेंडे लागतात आणि मॅच संपली की झोपायचं विसरा. गणपती विसर्जनाला मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. त्या रात्री आमच्याकडं खोली मागू नका, असली तरी झोप मिळणार नाही.

सकाळी मिसळ. उद्यमनगरातली फडतरे घ्या, नाहीतर बावडा, चोरगे. भांडणं यावरनं होतात, मी पडत नाही. उद्यमनगर म्हणजे फौंड्री आणि लेथमशीनचा भाग, कामगार नाश्ता करून पाळीवर जाणार, म्हणून मिसळीची वेळ सकाळची. दुपारी एकला जाऊन रिकामं भांडं बघून येणारे पाव्हणे दर आठवड्याला असतात. सोबत पाव नाही, स्लाइस ब्रेड येतो. कट, म्हणजे मिसळीचा तिखट रस्सा, वेगळा मागा आणि थोडा थोडा ओता.

राहता राहिला पावसाळा. जुलै-ऑगस्टमध्ये पन्हाळ्याचं धुकं बघायला गर्दी होते, आणि तेव्हाच पंचगंगा फुगते. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी, 43 फूट धोका पातळी. ऑगस्ट 2019 ला शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला, गाड्या दिवसचे दिवस उभ्या; शाहूपुरीतल्या काही गल्ल्यांतपण पाणी आलं. 2021 ला पुन्हा तेच. तेव्हा निघण्याआधी लॉजला फोन करून पाणी किती फुटांवर आहे ते विचारा. धंद्यासाठी आम्ही खोटं सांगू असं वाटत असेल तर तसं नाही, कारण अडकलेल्या पाव्हण्याला जेवायला घालायची पाळी आमच्यावरच येते, आणि काकूंची टेबलं चारच आहेत.