बारस तोगाकुशीत सोडली

आईच्या दिंडीत मला यंदाही जाता आलं नाही. रजा मिळाली तीन दिवसांची, आणि आळंदी-पंढरपूर म्हणजे अठरा-वीस दिवसांचं चालणं. आईचे गुडघे गेल्यापासून तीही घरीच असते. टीव्हीवर पालखी बघते, रिंगणात माउलींचा अश्व सुटला की उठून उभी राहते. फोनवर म्हणाली, "अगं, तुमच्याकडे चालत जायचा देव नाही का कुठे? तिथं जा. चालणं झालं पाहिजे." म्हणून दशमीला मी तोक्योहून शिन्कान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, धरली आणि दीड तासात नागानोला उतरले.

स्टेशनाबाहेर एका मुलीचा पुतळा आहे. न्योझेहिमे तिचं नाव. ही आपल्या वैशालीच्या एका धनिकाची लेक. इथल्या झेंकोजी देवळाची कथा तिच्यापासून सुरू होते: ती मरणाच्या दारातून परतली ती अमिदा बुद्धाच्या कृपेने, मग बापाने मूर्ती घडवली, ती मूर्ती कोरियामार्गे जपानला आली, इथल्या भांडणात कालव्यात फेकली गेली आणि होंदा योशिमित्सु नावाच्या साध्या माणसाने ती पाठीवर घालून या डोंगरात आणली. 'झेंको' म्हणजे त्याच्याच नावाचं दुसरं वाचन. राजाच्या नव्हे, मूर्ती वाहून आणणाऱ्याच्या नावाने देऊळ ओळखलं जातं, हे मला फार आवडलं.

स्टेशनापासून देवळापर्यंत पावणेदोन किलोमीटरचा सरळ चढता रस्ता. १९९८ च्या हिवाळी ऑलिंपिकची पदकं याच रस्त्यालगतच्या चौकात दिली गेली आणि उद्घाटनाला घंटा वाजली ती झेंकोजीची. त्या वेळी भारताचा एकच खेळाडू इथं आला होता, सोळा वर्षांचा शिव केशवन. ल्यूज म्हणजे बर्फाच्या पन्हळीतून उताणं पडून घसरत जायचं. एकट्या पोराने परक्या डोंगरात ते केलं, हे आठवून मला पाठीवरची पिशवी हलकी वाटली.

देवळाभोवती यात्रेकरूंना उतरायला ३९ शुकुबो आहेत, म्हणजे देवळाच्या धर्मशाळाच. रात्रीचं जेवण पूर्ण शाकाहारी, कांदा-लसूणही नाही. एकादशीला पहाटे ओकामींनी, म्हणजे घरधनीणबाईंनी, सगळ्यांना उठवलं. पाऊस होता. दगडी वाटेच्या कडेने आम्ही ओळीने गुडघे टेकले. पूजेला जाणाऱ्या प्रमुख भिक्षुणी लाल छत्रीखालून आल्या आणि प्रत्येकाच्या डोक्याला जपमाळ टेकवत गेल्या. माझ्या टाळूला मण्यांचा गार स्पर्श झाला, क्षणभरच. शेजारच्या आजींनी डोळे पुसले.

झेंकोजीची मूळ मूर्ती कुणीच बघत नाही. परंपरा सांगते की ६५४ सालापासून ती पडद्याआड आहे. पुजाऱ्यांनाही दिसत नाही. तिची प्रतिकृती तेवढी दर सहा वर्षांनी दाखवतात, तेव्हा आवारात लाकडी खांब उभारून त्याला मूर्तीच्या हातापासून दोर बांधतात आणि लोक खांबाला हात लावतात. १८४७ साली अशाच दर्शनाच्या दिवसांत मोठा भूकंप झाला आणि गावात उतरलेले किती तरी यात्रेकरू गेले. १७०७ सालचं हे मुख्य देऊळ मात्र उभं राहिलं.

एरवीच्या दिवशी गाभाऱ्याखालच्या भुयारात उतरायचं. आत मिट्ट काळोख. डोळ्यासमोर धरलेला हात दिसत नाही. उजवा हात कमरेच्या उंचीवर भिंतीला लावून सरकायचं आणि बरोबर मूर्तीखाली असलेलं कुलूप चाचपायचं. भिंत गुळगुळीत, लाखो तळव्यांनी घासलेली. पुढची बाई थांबली की तिच्या पाठीला माझा हात लागायचा, ती हळूच "सुमिमासेन", माफ करा, म्हणायची. मग हाताला लोखंड लागलं. गार, जड, खडखडणारं. मी ते दोनदा हलवलं. वर आल्यावर लक्षात आलं, तोंडाने 'विठ्ठल विठ्ठल' चालू होतं.

तिथून तोगाकुशीचा जुना रस्ता धरला. झेंकोजीला आलेले लोक पूर्वी पुढे तोगाकुशीलाही जात. शहर साधारण ३७० मीटरवर, तोगाकुशीचं चूशा देऊळ १२०० च्या आसपास. दिवसभर चढ आणि पाऊस. अस्वलांसाठी कमरेला घंटी बांधली होती. खजूर आणि दाण्याचे दोन लाडू एवढ्यावर एकादशी निभावली. इइझुना डोंगराच्या खांद्यावर आल्यावर डाव्या टाचेला फोड आला. संध्याकाळी शाकारलेल्या छपराच्या शुकुबोत शिरले, तेव्हा धड उभं राहवत नव्हतं.

तोगाकुशी म्हणजे 'दार लपवणं'. सूर्यदेवी गुहेत जाऊन बसली, जगात अंधार झाला. ताजिकाराओ या बलदंड देवाने गुहेचं दगडी दार उचलून फेकलं आणि ते इथं येऊन पडलं, तोच हा डोंगर. इथली पाचही देवळं त्या कथेतल्या देवांची आणि नऊ तोंडांच्या पाणीदेव नागाची.

द्वादशीला उजाडताच चूशातून आतल्या ओकुशा देवळाकडे निघाले. जंगलातल्या त्या वाटेवर एक जागा आहे, तिथून पुढे बायकांना मनाई होती. बायकांनी इथल्या त्यांच्यासाठीच्या देवळातूनच हात जोडून परत फिरायचं. एक भिक्षुणी तरीही पुढे गेली आणि शिळा झाली, असं सांगतात. ती शिळा अजून आहे. शेवाळलेली, पावसाने काळी पडलेली. मी टाचेची पट्टी बदलायच्या निमित्ताने तिच्याशेजारी बराच वेळ बसले. १८७२ साली सरकारने ही मनाई उठवली. तोवर किती जणी घरातलं सगळं आवरून, एवढा डोंगर चढून इथवर आल्या असतील आणि इथूनच वळल्या असतील! मला पंढरपूरची चोखोबांची समाधी आठवली. देवळासमोरच, बाहेर. साने गुरुजी उपोषणाला बसले ते १९४७ साली, ही मनाई उठल्यावर पंचाहत्तर वर्षांनी. कुणाला कुठे थांबवलं, याच्या खुणा दोन्हीकडे दगडातच आहेत. मला त्या दगडाचा राग आला नाही, तिला शिळा ठरवणाऱ्यांचा आला. ती पोचली असती.

पुढे दोन किलोमीटरची सरळ वाट. अर्ध्यावर लाल दरवाजा, त्याच्या छपरावर गवत उगवलेलं, आणि पलीकडे चारशे वर्षांचे सुगी वृक्ष दोन्ही बाजूंना. पाऊस थांबला तरी झाडांवरून थेंब गळत होते. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. शेवटच्या दगडी पायऱ्या मी टाच उचलून, बोटांवर चढले. ओकुशा लहानसं आहे, मागे सरळ उभा कडा. घंटेचा दोर नव्हता, टाळ्या वाजवून नमस्कार केला. आईची तुळशीमाळ गळ्यात होती, ती मुठीत धरली.

खाली सोब्याचं, म्हणजे कुट्टूच्या शेवयांचं, दुकान उघडत होतं. तिथून आईला फोन लावला. भारतात सकाळचे आठ.

"मुख दिसलं का गं?"

"नाही. पण दारापर्यंत गेले."

"कुणी अडवलं नाही ना?"

"नाही."

"मग बारस सोड आता. उशीर करू नकोस."

बुडवायच्या पाण्यात मासळीचा अर्क असतो, हे मला माहीत होतं. मालकीणबाईंना सांगितलं, तर त्यांनी मीठ आणि किसलेला मुळा आणून दिला. बांबूच्या गोल चाळणीवर सोब्याच्या पाच जुड्या होत्या, न निथळता तशाच ओल्या ठेवलेल्या. पहिली जुडी उचलली, तेव्हा चाळणीतून पाणी टेबलावर ठिबकलं.