नडगीच्या चॅनलवरचा सुळका अखेर गेला!

मंडळी, गेला एकदाचा! पुतण्या चालताना त्याच्या नडगीच्या आणि पोटरीच्या स्नायूंचे विजेचे सिग्नल (ईएमजी) मी कातडीवर इलेक्ट्रोड लावून घरच्या बोर्डवर मोजतोय. मागच्या अपडेटमध्ये ग्राफ टाकलेला बघा, टाच टेकली रे टेकली की नडगीच्या चॅनलवर सरळ वर जाणारी रेघ, तो सुळका. आता त्या जागी टीएचा (टिबिअॅलिस अँटेरिअर, नडगीपुढचा स्नायू) व्यवस्थित बर्स्ट, म्हणजे स्नायू काम करतोय तेवढ्या वेळचा सिग्नल, दिसतोय आणि मला इतका आनंद झालाय की रात्रीच लिहायला बसलोय.

नुसता आर्टिफॅक्ट (स्नायूचा नसलेला, खोटा सिग्नल) असता तर एवढा जीव खाल्ला नसता त्यानं. पण टीए नेमका त्याच वेळी खरंखुरं काम करत असतो ना. टाच घोट्याच्या मागं असते, त्यामुळं ती टेकली की जमिनीचा रेटा चवडा खाली पाडायला बघतो, आणि पाऊल फटकन आपटू नये म्हणून टीए विहिरीत बादली सोडताना दोर हातातनं हळूहळू सोडावा तसा ताणला जात जात पाऊल खाली सोडतो. म्हणजे खरा सिग्नल आणि वायरीला बसलेला हिसका दोन्ही एकाच जागी, एकावर एक. मग वेगळं करायचं कसं?

बऱ्याच जणांनी २० हर्ट्झचा हायपास (त्याखालचं सगळं गाळून टाकणारा फिल्टर) सुचवला. तो होताच. वायर हलल्याचा कचरा बहुतेक त्याच्या खालीच असतो हे बरोबर, पण कच्चा डेटा झूम करून बघितला तर सुळक्याचा माथा सपाट! अॅम्प्लिफायर वरच्या टोकाला जाऊन चिकटलेला. तेवढ्या वेळात स्नायू काय करत होता ते रेकॉर्डच झालेलं नाही, मग फिल्टर आणणार कुठनं? तेव्हा ठरवलं की कोडला हात लावायचा नाही, जे काय करायचं ते पायावरच.

आधी एक टेस्ट केली, ती सगळ्यांनी करा. पुतण्याला खुर्चीवर बसवलं, पाय एकदम ढिला सोड म्हटलं आणि त्याचा पाय उचलून टाच फरशीवर सोडून दिली. स्नायू काहीच करत नाहीये, तरी सुळका हजर. म्हणजे तो हिसक्याचाच. मग एकेक गोष्ट बदलत गेलो आणि दर वेळी हीच टेस्ट. नडगीवरचे केस काढले, स्पिरिटनं पुसलं, थोडा फरक. ईसीजीचे इलेक्ट्रोड मोठ्या माणसांचे असतात, त्यांच्या फोममुळं दोन केंद्रांत २ सेंमी अंतर ठेवताच येत नाही, म्हणून फोम कात्रीनं कापला (जेलला धक्का न लावता), आणखी फरक. पण खरी बाजी मारली ती वायरीनं. कंबरेवरचा बोर्ड काढून थेट नडगीवर क्रेप बँडेजखाली बांधला, लीड (इलेक्ट्रोडच्या वायरी) वीतभर ठेवल्या, एकमेकींना पीळ दिला आणि गेन (सिग्नल किती पट मोठा करायचा ते) कमी केला. टाच सोडली... रेघ जवळजवळ सपाट! पुतण्या म्हणतो, "काका, आता तरी उठू का?"

इलेक्ट्रोडवरनं आठवलं, ऑनलाइन स्वस्तातलं पाकीट घेऊ नका, माझ्याकडं आलं त्यातल्या निम्म्यांचं जेल वाळलेलं. इथं साताऱ्यात पोवई नाक्यावरच्या मेडिकलमधनं तारीख बघून आणले ते मस्त चालतात. आणि एफएसआरच्या (टाचेखाली स्विच म्हणून लावलेला दाबाचा सेन्सर) शेपटीला सोल्डर करू नका, प्लास्टिक वितळतं, क्रिंप कनेक्टर लावा.

मग सकाळी शाहू स्टेडियमवर सपाटीला चालवलं, लॅपटॉप बॅटरीवर, त्यामुळं घरच्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुणही नाही. टाचेखालच्या स्विचची वेळ ईएमजीवर ठेवली आणि बघतच राहिलो. टीए टाच टेकायच्या आधीच चालू झालेला! हिसका टेकल्यानंतरच येणार, आधी येऊच शकत नाही, म्हणजे टेकण्याआधीचा भाग शंभर टक्के स्नायूचा. पायाला जमीन लागायच्या आत शरीर तयारीत असतं हे वाचलेलं होतं, पण आपल्या घरच्या पोराच्या पायावर, आपल्या बोर्डवर ते दिसणं वेगळंच. पोटरीचा चॅनलही सुंदर आला, स्टान्स (पाय जमिनीवर असतो तो काळ) पुढं जाईल तसा चढत जाणारा, आणि दुसरी टाच टेकायच्या सुमारास एकदम उतरणारा. चालण्याच्या चक्राचा (एका पायाची टाच टेकल्यापासनं तीच परत टेकेपर्यंत) ६० टक्के भाग होऊन अंगठा सुटतो तोवर पोटरी गप्प.

पोटरीवरनं पुढं स्प्रिंगच्या घोटापट्टीकडं जायचा प्लॅन होता. कॉलिन्स, विगिन आणि सॅविकी या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलेलं ना, मोटर नाही बॅटरी नाही, नुसती स्प्रिंग आणि क्लच, तरी चालायची ऊर्जा सुमारे ७ टक्के कमी. ती करणारच. पण हे लिहिता लिहिता डोक्यात आलं की आधी उतार घ्यावा. अजिंक्यतारा किल्ल्यावरनं डांबरी रस्त्यानं खाली येताना मांड्या भरून येतात, कारण पुढचा स्नायू प्रत्येक पावलाला ताणला जात ब्रेक मारतो. तर पोटरीचा चॅनल काढून व्हास्टस लॅटरॅलिसवर (मांडीच्या पुढच्या स्नायूचा बाहेरचा भाग) लावतो, आणि चार भिंती या टेकडीवरच्या स्मारकापासनं खाली चालवतो. उतारावर टाचेचा दणका जास्त, म्हणून नडगीवर एक एमपीयू६०५० (दणका मोजणारा हालचालीचा सेन्सर) पण बांधतो, दणका वाढेल तसा सुळका वाढला तर समजायचं आर्टिफॅक्ट परत आला. म्हणजे स्प्रिंग पुढच्या महिन्यावर ढकलली.

घामानं इलेक्ट्रोड सुटतात त्यावर कोण काय लावतं ते सांगा. कागदी टेप टिकत नाही, कापडी टेपनं कातडी सोलते.