बर्फासाठी खिळ्यांचा टायर: दुसरा प्रयत्न

गेल्या हिवाळ्यात आतून बाहेर स्क्रू पिळून घरी बनवलेला सायकलचा माझा पहिला खिळ्यांचा टायर बर्फावर एकदाही घसरला नाही, पण चौथ्याच दिवशी आतून फसला. पंक्चर काढायला ट्यूब बाहेर घेतली, तेव्हा प्रत्येक स्क्रूच्या डोक्याच्या कडेने रबरावर चंद्रकोरीसारखा चर पडलेला दिसला आणि त्यांतले दोन चर आरपार गेले होते. बाहेर येणाऱ्या टोकांची मी इतकी काळजी घेतली होती की आत राहणाऱ्या डोक्यांचा विचारच केला नव्हता. यंदाचे सारे काम त्या चुकीभोवती बेतले आहे.

टायर 26 इंची, 2.1 इंच रुंद आणि उंच, रुंद बुडाच्या ठोकळ्यांचा (म्हणजे जमिनीला टेकणाऱ्या रबरी उंचवट्यांचा) घेतला आहे, कारण अरुंद ठोकळा भाराखाली कलंडतो आणि त्याच्याबरोबर खिळाही आडवा होतो. स्क्रू पत्र्याला मारतात तेच, 13 मिलिमीटर लांबीचे आणि बसक्या गोल डोक्याचे आहेत. ज्यांचे डोके खालून निमुळते असते ते टायरच्या कापडात रुतत जातात, म्हणून ते टाळले. ठोकळ्याच्या मध्यातून बाहेरून आत 2.5 मिलिमीटरचे भोक पाडायचे आणि आतून बाहेर स्क्रू पिळायचा, एवढीच कृती आहे. मात्र ड्रिल बाहेर काढताच रबर मिटते आणि आतल्या बाजूने भोक सापडता सापडत नाही. त्यामुळे एका वेळी दहाच भोके पाडून, ड्रिलचे टोक आत डोकावत असतानाच त्याभोवती पांढऱ्या पेन्सिलीने वर्तुळ काढण्याची सवय लावून घेतली. टोके सुमारे तीन मिलिमीटर बाहेर ठेवली आहेत. त्याहून लांब ठेवली, की खिळा डुलतो आणि भोक रुंदावते.

मधली ओळ मोकळी सोडून तिच्या दोन्ही बाजूंना एकाआड एक आणि अगदी कडेच्या ठोकळ्यांत सलग, असे 148 स्क्रू बसले. कडेचे खिळे सरळ चालताना निरुपयोगी वाटतात, पण गोठलेल्या चाकोरीतून बाहेर पडताना सायकल तेच सावरतात.

आता अस्तर. डोक्यांवर कापडी डक्ट टेपचे दोन थर दिले आणि त्यावर जुनी ट्यूब वॉल्व्हचा भाग कापून, लांबीत चिरून, दोन्ही कडांपर्यंत पसरली. नुसत्या टेपवर माझा भरवसा नाही, कारण तिचा गोंद सरकतो आणि डोके पुन्हा उघडे पडते. अस्तर आणि ट्यूब यांच्यामध्ये टाल्कम पावडर भुरभुरली. टायर रिमवर चढवताना जाड हातमोजे घालावेत. मी पहिल्या वेळी घातले नव्हते. चाक बसवल्यावर ते हाताने फिरवून फोर्क आणि मडगार्ड यांना खिळे लागत नाहीत ना, हेही पाहून घेतले.

हा टायर पुढच्या चाकाला लावला आहे, कारण मागचे चाक घसरले तर सावरायला थोडा अवधी मिळतो, पुढचे घसरले तर मिळत नाही. हवा 30 पीएसआयपर्यंत उतरवली, म्हणजे टायर पसरून कडेचे खिळेही टेकतात. तापमान शून्याच्या आसपास असते आणि बर्फावर पाण्याचा पातळ थर येतो तेव्हा तो सर्वांत निसरडा असतो. तशाच एका सकाळी वळण घेऊन पाहिले, तर चाक कुरकुरत पण नेमके वळले. कोरड्या डांबरावर मात्र खडखडाट होतो आणि साध्या पोलादाची टोके भराभर बोथट होतात. विकतच्या टायरांत टंगस्टन कार्बाइडचे खिळे असतात ते याचसाठी.

सुमारे 40 किलोमीटरनंतर टायर मुद्दाम उतरवून पाहिला. टोके जवळपास एक मिलिमीटरने झिजली आहेत. ट्यूबवर डोक्यांचे फिके ठसे आहेत, चर एकही नाही. अस्तर वॉल्व्हजवळ बोटभर सरकले होते, तिथे ट्यूबचा आणखी एक तुकडा रबर सोल्यूशनने चिकटवला. मागच्या चाकाच्या टायरची साठ भोके पाडून झाली आहेत.