चौफुलीचा दगड

दुकानाच्या काउंटरवर, बेअरिंगच्या डब्यांशेजारी, एका काचेच्या बशीत मी दगडाच्या दहा-बारा चकत्या ठेवतो. रुपयाएवढ्या, काही त्याहून लहान. राखाडी-पांढरी जमीन आणि तिच्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत काळी फुली. मोटार टाकायला आलेला माणूस एखादी चकती उचलतो, थुंकी लावून अंगठ्याने घासतो, रंग निघत नाही म्हटल्यावर उजेडात धरतो आणि विचारतो, "मिस्त्री, ही फुली तुम्हीच मारली काय?"

गिऱ्हाईक घाईत असलं तर मी "नाही, आतलीच आहे" एवढं सांगून बिल पुढे करतो. ते खोटं नाही. पण पुरतं खरंही नाही. आज तुम्ही विचारलंत, बाहेर झड लागलीय आणि बाकावर एकही मोटार नाही, म्हणून नीट सांगतो.

जालन्यात अंबड चौफुलीपासून जरा आत माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. त्यामुळे या दगडाला आमच्या गल्लीत 'चौफुलीचा दगड' असंच नाव पडलंय. खरं नाव कायॅस्टोलाइट. ते सांगून मी दमलो, कारण ऐकणारा हमखास "काय?" म्हणतो आणि मग दोघांनाही हसू येतं. ग्रीक लिपीत आपल्या फुलीसारखं दिसणारं एक अक्षर आहे, त्याच्यावरून ते नाव आलं. हा अँडालुसाइट नावाच्या खनिजाचाच एक प्रकार. ॲल्युमिनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन, एवढाच त्याचा मालमसाला. अँडालुसाइट हे नाव १७९८ साली स्पेनमधल्या अँडालुसिया प्रांतावरून ठेवलं, आणि पुढे कळलं की ज्या नमुन्यांवरून ठेवलं ते त्या प्रांतातले नव्हतेच. पण नाव चिकटलं ते चिकटलं. आमच्याकडेही तळं बुजून तीन पिढ्या झाल्या तरी बसथांब्याचं नाव तळ्याचंच असतं.

आता फुली आत आली कशी?

समुद्राच्या किंवा सरोवराच्या तळाशी काळा चिखल साठतो. काळा, कारण त्यात कुजलेल्या जिवांचा कोळसा, म्हणजे कार्बन असतो. चिखलाचा दगड होतो. मग कधीतरी खालून ग्रॅनाइटचा तप्त रस वर घुसतो आणि तो दगड शेजारच्या आचेने भाजून निघतो. वितळत नाही हं, घनच राहतो. पण आतली मांडणी मोडून नव्याने बसू लागते आणि त्यात अँडालुसाइटचे चौकोनी दांड्यासारखे स्फटिक वाढायला लागतात. स्फटिकाला आपल्या रचनेत कार्बन नको असतो. तो त्याला बाजूला लोटतो. अंगण झाडताना कचरा जसा मधून निघून कोपऱ्यात जाऊन बसतो, तसं इथे होतं. फरक एवढाच की हे अंगण झाडता झाडता मोठं होत जातं. आज जिथे कोपरा आहे तिथे थोडा कचरा अडकला. अंगण वाढलं, कोपरा पुढे सरकला, तिथे पुन्हा थोडा अडकला. चारी कोपऱ्यांचे हे सगळे जुने मुक्काम जोडा. मधून निघून चार दिशांना गेलेल्या चार काळ्या रेघा मिळतात.

म्हणजे फुली वरून मारलेली नसते, ती दांड्याच्या पूर्ण लांबीभर आत उभी असते. मला हे माहीत नव्हतं तेव्हाची गोष्ट ऐका.

माझे साडू जयपूरला लग्नाला गेले होते. मी त्यांना अकीक आणायला सांगितलं होतं, त्यांनी तिथल्या खड्यांच्या बाजारातून अर्धा किलो भलताच माल आणला. बोटाएवढ्या जाडीचे, मातकट, धड गोल नाहीत धड चौकोनी नाहीत असे तुकडे. दुकानदार म्हणाला होता, यात क्रॉस आहे. मी एक तुकडा घेऊन उभा चिरला. लाकूड चिरतात तसा, लांबीच्या दिशेने. आत काय, तर पेन्सिल चिरल्यावर मधलं शिसं दिसावं तशी एक काळी पट्टी. दुसराही तसाच चिरला. वाटलं, साडूंना फसवलं. रागाने तिसरा तुकडा फरशीवर आपटला, तो आडवा तुटला, आणि तुटलेल्या तोंडावर ती फुली. चांगले दोन दांडे मी उभे चिरून घालवले होते, ते अजून खणात आहेत. मला शहाणपण शिकवायला येणाऱ्यांना आधी तेच दाखवतो.

आडवं कापायला लागलो आणि खरी गंमत पुढे दिसली. एकाच दांड्याच्या सगळ्या चकत्या सारख्या नसतात. एका टोकाला फुलीच्या रेघा धाग्यासारख्या बारीक, मधोमध काळा चौकोन. जरा पुढे तो चौकोन आक्रसतो, रेघा जाड होतात, टोकांना पसरून पानासारख्या होतात. एखाद्या ठिकाणी फुली मोडते आणि कोपऱ्यांत नुसते चार काळे त्रिकोण उरतात. कुठली फुली बघायची हे मी कुठे कापतो त्यावर ठरतं. आणि कापण्यात जातं किती, तेही ऐका. परवाचाच दांडा ४० मिलिमीटरचा होता. ४ मिलिमीटरच्या ७ चकत्या निघाल्या. त्यासाठी ६ काप घ्यावे लागले, आणि टाइल कटरचं पातं प्रत्येक कापात २ मिलिमीटर खातं. म्हणजे १२ मिलिमीटर दगड चिखल होऊन बादलीत गेला. त्या १२ मिलिमीटरांतही फुली होती. कदाचित सात चकत्यांत नाही अशी होती.

म्हणून म्हटलं, "तुम्हीच मारली काय?" याला सरळ "नाही" म्हणताना माझी जीभ जरा अडते.

आता घासण्याचं. खरा वेळ यातच जातो आणि खरं सांगायचं तर मला कापण्यापेक्षा हेच आवडतं. एका शेतकऱ्याने कधी परत नेलीच नाही अशी अर्ध्या एचपीची मोटार माझ्याकडे पडून होती. तिचे फेरे मिनिटाला १४४०. त्या वेगात चकती हातातून सुटली की भिंतीत. मोटारीला लहान पुली, घासायच्या फिरत्या तव्याला चौपट मोठी पुली लावली, वेग ३६० वर आला. तव्यावर आधी २२० नंबरची कार्बोरंडम पूड, म्हणजे घासायची कडक भुकटी, आणि पाणी, मग त्याहून बारीक ४००, मग ६००. पुढे तवा बंद आणि हाताने, काचेवर वॉटर पेपर चिकटवून: १०००, १५००, २०००. शेवटी चामड्यावर सेरियम ऑक्साइड. ही गुलाबी-पांढरी पूड काच घासणाऱ्यांकडे मिळते. प्रत्येक नंबर बदलताना चकती आणि हात धुवायचे, नखांतसुद्धा. आधीच्या पुडीचा एक कण पुढे आला तर सगळ्या मेहनतीवर एक रेघ. माझ्या नखांत तांब्याच्या तारेचा कीस कायम असतो, त्यानेसुद्धा चरे पाडलेत.

कोरडं मात्र कधीच घासू नका. धार सुटली पाहिजे पाण्याची. दगडाची बारीक धूळ फुप्फुसात बसते आणि निघत नाही. गुजरातमधल्या खंभातच्या अकीक घासणाऱ्या कारागिरांना तिने किती पिढ्या खाल्लं ते ऐकलंत तर छंद म्हणून कुणी कोरडा दगड धरणार नाही. बायकोने मला पहिल्याच आठवड्यात मास्क आणून दिला. पाणी असलं तरी लावतो.

या दगडाची खोड अशी की तो सगळीकडे सारखा कठीण नसतो. अँडालुसाइट तसा चांगला कठीण, क्वार्ट्झच्या म्हणजे गारगोटीच्या आसपासचा. पण या फुलीवाल्या प्रकारात काळपट भाग मऊ, आणि पांढरा भागही कित्येकदा अर्धवट बदलून अभ्रकाच्या बारीक पापुद्र्यांचा झालेला असतो. मग चामड्यावर दाबलं की पांढरं वर राहतं आणि फुली खोल जाते. नखाला नाली लागते. त्यावर माझा इलाज माझ्या धंद्यातलाच आहे. वाइंडिंग बुडवतो ते वार्निश पातळ करून त्यात चकती रात्रभर ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी भट्टीत मोटारीच्या स्टेटरशेजारी, म्हणजे तार गुंडाळलेल्या स्थिर भागाशेजारी, सुकवायची. मऊ भागात वार्निश मुरतं, मग दोन्ही भाग बरोबरीने घासले जातात. एकदा चकती ओलीच गरम भट्टीत ठेवली, ती फुलीच्या रेघेवरच तडकली आणि तिचे चार त्रिकोण हातात आले. वार्निशने पांढऱ्यावर पिवळसर झाक येते, हेही मान्य. शुद्ध नमुने गोळा करणाऱ्यांना हे अजिबात रुचणार नाही. मी विकत नाही, देतो. आणि देताना वार्निश लावलंय की नाही ते सांगून देतो.

"आपल्याकडे विहिरीत सापडतो का हो?" हे पुढचं विचारणं. नाही. आपल्या विहिरीत निघतात त्या गारा, आणि अजिंठ्याच्या पायथ्याशी फर्दापूरला विकायला असतात ते चमचमणारे गुच्छ, ते वेगळं कुटुंब. ती लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांत नंतर भरलेली खनिजं: स्टिल्बाइट, अपोफिलाइट, अकीक. या दगडाला चिखलाचा खडक लागतो आणि ग्रॅनाइटची आच लागते. आपल्या पायाखाली सगळा काळा पाषाण, सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर तिथे शास्त्रज्ञांनी ६१७ मीटर खोल बोअर घेतलं, त्यात वरचे ३३८ मीटर हाच पाषाण लागला. त्याखाली ८ मीटर गाळाचा थर, आणि मग कुठे जुना, अडीचशे कोटी वर्षांचा पायाचा खडक. नांदेडच्या आग्नेयेला देगलूर-बिलोलीकडे तो जुना खडक उघड्यावर आहे. तिकडच्या एका गिऱ्हाइकाने मला मोठ्या आशेने पिशवीभर दगड आणून दिले होते. सुंदर गुलाबी ग्रॅनाइट निघाला. फुली नाही. पिशवी अजून ठेवलीय, त्याने प्रवासात खांद्यावर वाहून आणली म्हणून.

राशीचंही विचारतात. कुठल्याच राशीला नाही, म्हटलं की माणूस थोडा नाराज होतो. पूर्वी स्पेनमध्ये सांतियागोच्या यात्रेला जाणारे लोक असे दगड गळ्यात बांधून घरी परतायचे, हे मात्र खरं. आमच्या गल्लीतल्या मिशनच्या शाळेतल्या बाईंना मी एक चकती दिली, त्यांनी ती बायबलच्या कव्हरात ठेवली. त्यांना तो क्रूस दिसतो. शेजारच्या किराणावाल्याला गुणाकार दिसतो. माझ्या आईने बघितल्याबरोबर विचारलं होतं, "कुणी चुकवलंय गणित?" आणि भाचा जालन्याच्या पोलाद कारखान्यात आहे, तो म्हणतो, मामा, तुम्ही ज्याला जपून घासता त्याच्या विटा करून लोक भट्टीला आतून लावतात. बरोबरच आहे त्याचं. अँडालुसाइट भाजला की त्यातून उष्णतेला दाद न देणारं खनिज तयार होतं, जगभर त्याचा मुख्य उपयोग तोच. फक्त त्या विटांत फुली बघायला कुणी थांबत नसावं.

स्टॉरोलाइट म्हणून दुसरा एक तपकिरी दगड येतो, त्यात दोन स्फटिक एकमेकांतून आरपार वाढून बाहेरूनच क्रॉस झालेला असतो. नव्वद अंशांचा कमी, साठ अंशांचा तिरपा जास्त. माझ्याकडे एकच आहे, तिरपा. त्याला घासायचं काही कारण नाही, नुसता ब्रशने धुतो. बाजारात मऊ दगडातून कोरलेले नकलीही विकतात. ते एकदम सारखे आणि काटकोनात नेटके असतात, त्यावरूनच शंका घ्यायची.

तर फुली मी मारलेली नाही. कापतो मी, थांबतो मी, आणि बादलीतला चिखल गाळून जास्वंदीच्या कुंडीत ओततो तोही मीच. बशीतली कुठलीही चकती उचलून बघा, थुंकी लावली तरी चालेल. पण निवांत बघायचं असेल तर जून-जुलैत या. मार्चपासून मोसंबीच्या बागांना पाणी सुरू होतं, व्होल्टेज पडतं, मोटारी जळतात, आणि मग त्या बशीवर कुणाचीतरी स्टेटरची जाळी ठेवलेली असते.