पिशवीवरचे नाव आणि पिशवीतले पेलेट : बारा आठवड्यांची नोंद

बारा आठवड्यांपूर्वी, सफरचंदाच्या लाकडाचे म्हणून घेतलेल्या पेलेटांवर सहा तासांची धुरी पूर्ण करून मी स्मोकरचा (पेलेट जाळून धुराने अन्न शिजवणाऱ्या ग्रिलचा) फायर पॉट, म्हणजे पेलेट जळतात ते भांडे, उघडले, तेव्हा हवेच्या छिद्रांपैकी जवळजवळ निम्मी छिद्रे राखेने बुजलेली होती. ती राख मऊ आणि पांढरी नव्हती. तिच्यात बोटाने दाबल्यावर कुरकुरणारे करडे, टणक खडे होते. त्या दिवशी चौथ्या तासानंतर तापमान सतत खालीवर होत होते आणि मी तापमान राखणाऱ्या कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये बदल करत बसले होते. दोष इंधनात होता हे त्या राखेने दाखवले, आणि तेव्हापासून पेलेटची निवड हाच माझ्या छंदातला मुख्य विषय झाला. आतापर्यंत जे हाती लागले ते इथे नोंदवते आहे.

पेलेट म्हणजे लाकडाचा वाळवलेला भुसा प्रचंड दाबाखाली साच्याच्या छिद्रांतून ढकलून केलेली सुमारे ६ मिलिमीटर जाडीची कांडी. दाबामुळे उष्णता निर्माण होते, लाकडातले लिग्निन मऊ पडते आणि थंड होताना तेच भुशाला बांधून ठेवते. चांगल्या पेलेटला वेगळा डिंक लागत नाही. हे इंधन मुळात घरे गरम ठेवण्याच्या स्टोव्हसाठी तयार झाले. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातील माउंट एंजल या गावी जो ट्रेगर यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यास ते स्वयंपाकाच्या ग्रिलला जोडले. हा वारसा लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण आजही बाजारात दोन्ही प्रकारचे पेलेट मिळतात आणि ते दिसायला सारखेच असतात. स्टोव्हच्या पेलेटांत चीड, देवदार अशी राळ असलेली लाकडे किंवा कोणत्या कामातून उरला हे ठाऊक नसलेला भुसा असू शकतो, म्हणून ते अन्नाजवळ वापरू नयेत, मग ते कितीही चांगले जळोत. मात्र त्यांच्यासाठी ठरवलेली मानके आपल्याला मोजपट्टी म्हणून उपयोगी पडतात. अमेरिकेच्या पेलेट फ्युएल्स इन्स्टिट्यूटच्या प्रीमियम दर्जात राख १ टक्क्यापर्यंत, ओलावा ८ टक्क्यांपर्यंत आणि भुकटी अर्ध्या टक्क्यापर्यंत चालते. युरोपातील ईएनप्लस ए१ दर्जात राखेची मर्यादा ०.७ टक्के आहे.

पहिला ते तिसरा आठवडा : चाळणी, माप आणि राख

ओक, हिकरी, चेरी आणि ती सफरचंदाची, अशा चार पिशव्या मी समोर ठेवल्या. प्रत्येकीतले १ किलो पेलेट ३ मिलिमीटर छिद्रांच्या चाळणीवर हलक्या हाताने हलवले आणि खाली पडलेली भुकटी तोलली. ओकची ३ ग्रॅम निघाली, चेरीची ५, हिकरीची ६ आणि सफरचंदाची १७. हलवताना आवाजातही फरक होता : ओकचे पेलेट काचेच्या मण्यांसारखे वाजत होते, सफरचंदाचे मात्र बद्द. बोटांत धरून मोडल्यावर ओकची कांडी टक् आवाज करून तुटली आणि तुटलेली कड स्वच्छ राहिली. सफरचंदाची कांडी आधी किंचित वाकली आणि मग चुरली. हातात मूठभर पेलेट घेऊन एवढे केले तरी पिशवीबद्दल बरेच कळते, असा माझा अनुभव आहे.

भुकटीला मी इतके महत्त्व का देते ते सांगायला हवे. ऑगर, म्हणजे पेलेट नळीतून फायर पॉटकडे नेणारा स्क्रू, पेलेट वजनाने मोजत नाही, तो फक्त फिरतो आणि त्याच्या आट्यांत जेवढा माल मावेल तेवढा पुढे ढकलतो. आट्यांच्या फटींत भुकटी बसली की तीच दाबली जाऊन नळीत थर धरते. फायर पॉटमध्ये पोहोचलेली भुकटी पेलेटपेक्षा कितीतरी जलद पेटते, क्षणभर ज्वाला उसळते, कंट्रोलर इंधन कमी करतो आणि मग तापमान घसरते. कांडीच्या लांबीचाही असाच परिणाम होतो. १ लिटरच्या भांड्यात न दाबता भरलेले ओकचे पेलेट ६६५ ग्रॅम भरले. हिकरीच्या पिशवीत २५ मिलिमीटरपेक्षा लांब कांड्या बऱ्याच होत्या आणि त्याच भांड्यात त्या ६१५ ग्रॅमच बसल्या. म्हणजे ऑगरच्या तितक्याच फेऱ्यांत हिकरीचे इंधन कमी पोहोचते. लांब कांड्या हॉपरच्या (पेलेट भरून ठेवायच्या टाकीच्या) उतारावर एकमेकींत अडकून कमानही धरतात. वरून हॉपर भरलेला दिसतो आणि खाली ऑगर रिकामा फिरत असतो.

राखेसाठी प्रत्येकी २ किलो पेलेट १५० अंश सेल्सिअसवर रिकाम्या ग्रिलमध्ये जाळले आणि थंड झाल्यावर फायर पॉट व तळ झाडून राख तोलली. ओकची ९ ग्रॅम, चेरीची १०, हिकरीची १२ आणि सफरचंदाची ३१. पंखा काही राख धुराबरोबर बाहेर उडवतो, त्यामुळे हे आकडे एकमेकांशी ताडून पाहण्यापुरतेच खरे धरावेत. सफरचंदाच्या राखेतले खडे पुन्हा दिसले. लाकडाच्या गाभ्यात खनिजे थोडी असतात, सालीत जास्त असतात, आणि साल आपल्या भेगांत मातीचे व वाळूचे कणही धरून ठेवते. हे सारे फायर पॉटच्या उष्णतेत वितळून चिकटले की असे खडे बनतात. त्या पिशवीत सालीचा भाग मोठा असावा असा माझा निष्कर्ष आहे.

चौथा आठवडा : पेलेट पाण्यात

या आठवड्यातला प्रयोग सर्वांत सोपा होता आणि त्याने मला सर्वांत जास्त शिकवले. काचेच्या चार पेल्यांत प्रत्येकी ५० ग्रॅम पेलेट घालून वर गरम पाणी ओतले. दहा मिनिटांत कांड्या फुगून, उकलून परत भुसा झाल्या. ओकचा भुसा एकसारखा फिकट तपकिरी होता आणि त्याला ओल्या फळीचा वास होता. सफरचंदाच्या पेल्यात काळसर पापुद्रे वेगळे दिसत होते. ती साल होती. चेरीचा पेला मला बराच वेळ विचारात पाडून गेला. चेरीच्या गाभ्याचे लाकूड लालसर असते, पण या पेल्यातला भुसा ओकच्या भुशाशेजारी ठेवला तर ओळखू येणार नाही असा होता. पिशवीची मागची बाजू बारीक अक्षरांत वाचली तेव्हा तिथे ‘हार्डवुड मिश्रण’ असे लिहिलेले सापडले, समोरच्या मोठ्या अक्षरांत मात्र फक्त ‘चेरी’ होते. एवढ्यावरून आत चेरी नाहीच असे मी म्हणणार नाही, कारण झाडाच्या बाहेरच्या भागातले लाकूड फिकटच असते. पण ओक किंवा अल्डरचा आधार घेऊन त्यात नावाचे लाकूड काही प्रमाणात मिसळणे ही या व्यवसायातली सर्रास रीत आहे, आणि ती पिशवीवर स्पष्ट लिहिलेली असेल तर माझी तिला हरकतही नाही. ओक संथ आणि एकसारखा जळतो. शंभर टक्के फळझाडाच्या पेलेटांपेक्षा असे मिश्रण पुष्कळदा स्थिर तापमान देते.

हिकरीच्या पेल्यावर तेलाचा पातळ तवंग आला होता. साचा झिजू नये म्हणून काही उत्पादक थोडे वनस्पती तेल वापरतात, तर काही जण लाकडाऐवजी सुवासिक तेलाने चव आणतात. कोरड्या पिशवीत नाक घातल्यावर लाकडापेक्षा अत्तरासारखा वास येत असेल तर मी ती पिशवी घेत नाही. हिकरीच्या पिशवीला तसा वास नव्हता, म्हणून ती मी ठेवून घेतली.

सहावा आठवडा : अडकलेला ऑगर

दमट हवेत दोन रात्री हॉपरमध्ये पेलेट तसेच राहिले. तिसऱ्या दिवशी स्मोकर चालू केल्यावर मोटर गुरगुरली, मग ऑगरला मोटरशी जोडणारी पिन तुटल्याचा लहानसा आवाज आला आणि सगळे थांबले. पूर्ण गार झाल्यावर हॉपर रिकामा करून नळीत पाहिले तर शेवटच्या हातभर भागात पेलेटांचा लगदा सुकून सिमेंटसारखा बसलेला होता. पाणी वापरले असते तर तो आणखी फुगला असता, म्हणून लाकडी दांड्याने हळूहळू ठोकून मोकळा केला. त्याला पूर्ण दुपार लागली. हॉपरमध्ये उरलेल्यांपैकी १०० ग्रॅम पेलेट १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन घटायचे थांबेपर्यंत वाळवले, तेव्हा ८९ ग्रॅम उरले. त्याच पिशवीतले बंद डब्यात ठेवलेले १०० ग्रॅम वाळवून ९४ ग्रॅम भरले. दोन रात्रींत ६ टक्क्यांचा ओलावा ११ टक्क्यांवर गेला होता.

तेव्हापासून प्रत्येक पिशवी फोडताच रबरी कडेच्या झाकणाच्या डब्यात रिकामी करते, डब्यावर नाव आणि तारीख लिहिते, आणि काम संपल्यावर हॉपर रिकामा करते. नवी पिशवी घेताना ती हाताने दाबून पाहावी : तळाशी भुकटीचा मऊ थर लागला किंवा प्लॅस्टिकला आतून बाष्प दिसले, तर ती तिथेच सोडावी.

आठवा ते अकरावा आठवडा : चव

चवीच्या प्रयोगासाठी सफरचंदाची वेगळी, साल नसलेली पिशवी मिळवली. कोंबडीच्या तंगड्यांना फक्त मीठ लावून, एकाच वजनाच्या, एकाच दिवशी हिकरीवर आणि सफरचंदावर केल्या. बशांखाली नाव लिहून घरातल्या चौघांना वेगळे ओळखायला सांगितले. १०७ अंशांवर केलेल्या तंगड्यांत तिघांनी हिकरी बरोबर ओळखली. तिचा धूर जड आणि किंचित खारवलेल्या मांसाची आठवण करून देणारा वाटला, सफरचंदाचा सौम्य. १८० अंशांवर केलेल्या खेपेत मात्र कोणालाही खात्रीने सांगता आले नाही.

याचे कारण आगीत आहे. धुराची चव मुख्यतः लिग्निन उष्णतेने फुटून तयार होणाऱ्या ग्वायकॉल आणि सिरिंगॉल या संयुगांतून येते. ग्रिलचे तापमान जास्त ठेवले की पंखा अधिक हवा देतो, ज्वाला स्वच्छ जळते आणि ही संयुगे अन्नापर्यंत पोहोचण्याआधीच जळून जातात. म्हणून १५० अंशांच्या वर काही भाजायचे असेल तर नावाच्या लाकडासाठी धडपडू नये, कोरडा आणि कमी राखेचा ओक पुरेसा आहे. मंद आचेवर मात्र लाकडाचे नाव कामाला येते. तिथे मांस फ्रिजमधून थेट, थंड आणि ओलसर असताना ठेवले तर धूर अधिक धरला जातो. माशांना मी अल्डर वापरला आणि तो मनापासून आवडला. मेस्किट एकदाच, लांब धुरीसाठी वापरला. आठव्या तासानंतर चव कडवट झाली, त्यामुळे तो आता थोड्या वेळाच्या कामासाठीच राखून ठेवला आहे.

सुरुवातीचा पांढरा, दाट धूर चवीसाठी चांगला असतो असे मी पूर्वी मानत असे. चारही पिशव्यांवर दहा मिनिटे थांबून, धूर पातळ आणि निळसर झाल्यावर अन्न ठेवले तेव्हा जिभेवर राहणारा तिखट चरचरीतपणा गेला. ओल्या पेलेटांवर हा पांढरा धूर पंचवीस मिनिटे टिकला.

बारावा आठवडा

सध्या डब्यांत ओक निम्म्याहून अधिक आहे. मंद धुरीच्या दिवशी ओकचे दोन भाग आणि हिकरीचा एक असे वजनाने मिसळते, आणि मिसळण्याआधी दोन्ही चाळते. या मिश्रणावर नऊ तास चाललेल्या शेवटच्या धुरीत तापमान १०७ अंशांच्या वरखाली ५ अंशांपेक्षा जास्त हलले नाही, आणि फायर पॉटची सगळी छिद्रे मोकळी होती. पुढच्या खेपेसाठी पाठीमागे ‘१०० टक्के मेपल’ असे स्पष्ट लिहिलेली पिशवी आणली आहे. चाळणीखाली ४ ग्रॅम पडले, लिटरचे माप ६५८ ग्रॅम भरले. पाण्यातला पेला आत्ता टेबलावर फुगतो आहे.